आबांचं रूट कॅनल चालू आहे आणि त्यांनी रक्त पातळची गोळी परस्पर बंद केलीय, काय करू?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी, घाईत टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या. आमचे आबा, वय ६६, सगळा जन्म यंत्रमागावर गेला, आता घरीच असतात. गेल्या दिवाळीनंतर अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय, त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. सकाळी बीपीची टेल्मिसार्टन, तिच्यातच पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी मिक्स आहे. जेवल्यावर रक्त पातळ करायच्या दोन, ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५, रात्री कोलेस्टेरॉलची, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड एकत्र असलेली.

पंधरा दिवसापासून उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. आधी लवंगेचं तेल झालं, मग हळद मीठ, मग कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून ॲस्पिरिनची गोळी कुटून दाढेपाशी धरून बसले, हिरडी पांढरी पडून सोलून निघाली तेव्हा कुठं घरात कळलं. सोमवारी दातांच्या डॉक्टरकडं नेलं. मी खाली गाडी लावायला जागा शोधत होतो तेवढ्यात आबा वर जाऊन खुर्चीवर बसलेसुद्धा. फॉर्म इंग्रजीत, तो रिसेप्शनवरच्या मुलीनं भरला. डॉक्टरनी विचारलं काही गोळ्या चालू आहेत का, आबा म्हणाले नाही. मागाच्या आवाजानं कान अर्धे गेलेत त्यामुळं अर्ध्या प्रश्नांना ते मान हलवतात हे खरं, पण हा प्रश्न त्यांना नीट ऐकू आला होता. घरी विचारलं असं का सांगितलं तर म्हणतात, "ती औषधं कुठं हैत बे, ते तर रोजचंच हाय. औषध म्हंजे आजारी पडल्यावर घेतो ते."

पहिल्या सिटिंगला नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलंय. चिठ्ठीत अँटिबायोटिक अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह ६२५ पाच दिवस, दुखण्यासाठी ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोन वेळा आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल आहे. पुढची सिटिंग परवा शनिवारी. आणि आज कळलं की शेजारच्या काकांनी सांगितलं रक्त पातळच्या गोळीवर दाताचं काम केलं तर रक्त थांबत नाही, म्हणून आबांनी मंगळवारपासून दोन्ही गोळ्या बंद केल्यात. आम्हाला कुणालाच न सांगता. स्ट्रिपा मोजल्या तेव्हा उघड झालं. आज गुरुवार. आता काय करावं? आणि दुखण्याच्या गोळ्या हार्टच्या गोळ्यांबरोबर चालतात का? शिवाय रविवारी एकादशी आहे, आबा उपास सोडणार नाहीत हे वेगळंच.

पार्कचौकवाला
घाबरू नका हो भाऊ. माझ्या मामांची बायपास झालेली, दाढ काढायच्या आधी पाच दिवस गोळी बंद ठेवली होती, काही झालं नाही, आज टणटणीत आहेत. काका बरोबर सांगतात, रक्त थांबलं नाही तर रात्रीचं कुठं पळणार? अँटिबायोटिकचा कोर्स मात्र पूर्ण करा, त्याच्याशिवाय रूट कॅनल टिकत नाही, आतलं सगळं सडतं. माझ्या वेळी डॉक्टरनी दिलं नव्हतं तर मी स्वतः मेडिकलमधून आणून खाल्लं, दोन दिवसात आराम.

दातांचा_मिस्त्री
जुळेसोलापूरकर, बाकीचं नंतर वाचा, आधी फोन लावा. ज्या हार्टच्या डॉक्टरनी स्टेंट टाकलाय त्यांना सरळ सांगा की मंगळवारपासून दोन्ही गोळ्या बंद आहेत. आजच चालू करा म्हणतील बहुतेक, पण किती आणि कशी घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या, राहिलेल्या भरून काढायला घरच्या घरी दोन-दोन देऊ नका. आणि छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला तर फोनच्या भानगडीत न पडता थेट कॅज्युअल्टी.

फोन झाला असेल तर आता पुढं. मी दाताचा डॉक्टर आहे, दिवसभर रूट कॅनलच करतो, त्यामुळं हा प्रकार आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. शरीराला तिच्यावर आतून अस्तर धरायला वेळ लागतो, तोवर तिथं गुठळी व्हायची भीती असते. अटॅकनंतर टाकलेल्या स्टेंटला म्हणून सहसा वर्षभर दोन्ही गोळ्या देतात, तुमच्या आबांचे आठच महिने झालेत. मधेच दोन्ही एकदम बंद करणं म्हणजे दाढेसाठी हृदय पणाला लावणं झालं. पार्कचौकवाल्यांच्या मामांना काही झालं नाही, चांगलंच झालं, पण बायपासवाला पेशंट आणि नवा स्टेंटवाला पेशंट एकाच मापानं मोजायचा नसतो.

बरं, बंद करून मिळालं काय? या दोन्ही गोळ्या ज्या प्लेटलेटला लागतात त्या प्लेटलेट मरेपर्यंत तशाच राहतात, आणि एका प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवस. म्हणजे मंगळवारी गोळी सोडली तर शनिवारपर्यंत रक्त काही पूर्ववत होत नाही, धोका तेवढा चालू होतो.

आणि मुळात रूट कॅनलला कापाकापी असते कुठं? दाढेच्या आतले कालवे इतके बारीक असतात की सुरुवातीला जी १० नंबरची फाइल, म्हणजे खरवडायची बारीक सुई, घालतो तिचं टोक ०.१० मिलिमीटर असतं. नस निघताना जे रक्त येतं ते कागदाच्या बारीक काड्यांनी टिपून घेतो, पाच मिनिटात थांबतं. एखादी दाढ काढायची असली तरीसुद्धा हल्ली या गोळ्या बंद करत नाहीत, कापूस दाबून, टाका घालून, थांबवायच्या दहा युक्त्या आहेत. बंद पडलेल्या स्टेंटला अशी कापूस दाबायची सोय नाही.

आता तुमच्या दातांच्या डॉक्टरांना काय माहीत हवं होतं ते सांगतो. खालच्या दाढेला भूल द्यायची तर जबड्याच्या पार मागं सुई जाते, रक्त पातळ असलेल्या माणसाला ती जरा जास्त सांभाळून, हळू, आधी मागं ओढून बघून देतात. आणि आपल्याकडं जी भूल सर्रास वापरतात त्यात लिग्नोकेन २ टक्के आणि १:८०,००० ॲड्रिनॅलिन असतं, ज्यानं हृदयाचे ठोके वाढतात. हार्टच्या पेशंटला ॲड्रिनॅलिन चालतच नाही असं नाही, उलट भूल नीट न लागून पेशंट कळवळला तर त्याच्या स्वतःच्या शरीरातच जास्त तयार होतं. पण एका बैठकीत ०.०४ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही असा दंडक आहे, म्हणजे या ताकदीच्या औषधाचं साधारण ३ मिली. एवढा हिशेब कधी करणार, स्टेंट आहे हे माहीत असेल तर ना. आबांनी "काही नाही" सांगितल्यावर डॉक्टर त्यांना ठणठणीत म्हातारा समजूनच सगळं करणार, चिठ्ठीसुद्धा तशीच लिहिणार, आणि तशीच लिहिलीय. ॲसिक्लोफेनॅक आणि ओमेप्राझोल बघून मला तेच वाटलं. त्यावर इथले मेडिकलवाले माझ्यापेक्षा नीट बोलतील.

मेडिकल_काउंटर
बोलावलंत म्हणून आलो. अशोक चौकाच्या बाजूला माझं दुकान आहे, बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, बी फार्म. डॉक्टर नाही, त्यामुळं बदल करायचा तो तुमच्या डॉक्टरशी बोलून.

चिठ्ठीतली ॲसिक्लोफेनॅक आधी बाजूला ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या अटॅक येऊन गेलेल्या माणसाला द्यायच्या नसतात. वरनं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना ही घेतली की पोटातून रक्त जायची भीती वाढते. काळी शी झाली तर तिकडं दुर्लक्ष करू नका. केटोरोलॅकची १० ची छोटी गोळी, जी दातदुखीला सगळे हातोहात मागतात आणि तोंडात विरघळवून घेतात, ती तर ॲस्पिरिनवाल्यांना नकोच नको. माझ्याकडं येतात, "ती दाढेची पिवळी द्या", मी विचारतो हार्टचं काय चालू आहे का, तर रागावून शेजारच्या दुकानात जातात.

आयबुप्रोफेनबद्दलही लोकांना माहीत नसतं. ॲस्पिरिन ज्या जागी जाऊन चिकटते तिथं आयबुप्रोफेन आधी जाऊन बसली तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही, दिवसभराची गोळी फुकट. साध्या ॲस्पिरिनला काही तासांचं अंतर ठेवून चालतं म्हणतात, पण आपल्याकडं हार्टला देतात ती बहुतेक आतड्यात विरघळणारी कोटिंगवाली असते, ती कधी विरघळेल आणि अंतर किती ठेवायचं याचं गणित बसत नाही.

मग उरतं काय? पॅरासिटामॉल. ६५० ची, सहा-सहा तासानी, दिवसाला चारच्या वर नाही, लिव्हर ठीक असेल आणि रोजची दारू नसेल तर. लोक हसतात की पॅरासिटामॉल म्हणजे तापाची गोळी, तिनं दाढ काय थांबणार. दुखायच्या आधी, भूल उतरायच्या आत पहिली घेतली आणि मग घड्याळ लावून घेतली तर बऱ्यापैकी काम करते. एक मात्र बघा, दुखण्याच्या बहुतेक जोडगोळ्यांमध्ये ३२५ पॅरासिटामॉल आधीच असतं, ती पण घेतली आणि वर ६५० पण, असं दुप्पट होतं आणि कळतही नाही.

ओमेप्राझोलचं वेगळंच लफडं आहे. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती नुसती कच्ची असते, लिव्हरमध्ये जाऊन तयार होते तेव्हा काम करते. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल नेमकं तेच तयार होणं अडवतात. ॲसिडिटीची गोळी द्यायचीच असेल तर पॅन्टोप्राझोल बरी, हे विचारून बदलून घ्या.

अमॉक्सि-क्लॅव्हचं आबांच्या गोळ्यांशी भांडण नाही, जुलाब होऊ शकतात, जेवणानंतर द्या. पण समजा ती सोसली नाही म्हणून कुणी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल दिली, जी आपल्याकडं जुलाबापासून दाढेपर्यंत सगळ्याला चालते, तर शुगरच्या ग्लिमेपिराइडबरोबर ऑफ्लोक्सासिननं शुगर धाडकन खाली येऊ शकते. आणि ज्यांना हृदयाची झडप बदलल्यामुळं ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन ही वेगळ्या जातीची रक्त पातळची गोळी चालू आहे त्यांना मेट्रोनिडाझोल दिली की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वर जातो, मग मात्र खरंच रक्त थांबत नाही. इथं कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर हे लिहून ठेवा.

एकादशीबद्दल, ग्लिमेपिराइड खाऊन उपास म्हणजे चक्कर येऊन पडणं. आमच्या दुकानात दर आषाढीला एक तरी जण साखर मागायला येतो.

कडक_भाकरी
मेडिकल काउंटर दादा बरोबर बोलले पण एक गोष्ट राहिली ती मी सांगते कारण ती आमच्या घरात घडलीय. माझी आई, वय ६१, हार्टचं काही नाही, फक्त बीपी. तिला पण हीच गोळी, टेल्मिसार्टन आणि पाण्याची एकत्र. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचं रूट कॅनल झालं, सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको, ४३ च्या वर पारा, त्यात आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी. तोंड दुखतंय म्हणून आई खात नव्हती, गार पाणी लागतं म्हणून पाणी पण घोटभर. डॉक्टरनी दुखण्याची गोळी तीनच दिवसाची दिली होती. आईनं ती संपल्यावर भावाला पाठवून तीच स्ट्रिप परत आणवली, दुकानवाल्यानं काही न विचारता दिली, असं करत नऊ दिवस दिवसाला दोन-दोन. दहाव्या दिवशी पायाला सूज, लघवी अगदी कमी, उलट्या. आम्हाला वाटलं ऊन लागलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की वाढणारा आकडा, २.४, आधीचं ०.९ होतं.

तिथल्या किडनीच्या डॉक्टरनी मला कागदावर काढून दाखवलं. किडनीत रक्त यायची नळी आणि जायची नळी असते. दुखण्याच्या गोळ्या यायची नळी आवळतात, टेल्मिसार्टन जायची नळी सैल करते, आणि पाण्याच्या गोळीनं मुळात अंगातलं पाणीच कमी झालेलं. तिन्ही एकदम आले की किडनीत गाळायला दाबच राहत नाही. एकेक गोळी वेगळी असती तर कदाचित काही झालं नसतं. सलाइन, तिन्ही गोळ्या बंद, चार दिवस ॲडमिट. महिन्याभरानं क्रिएटिनिन १.० वर आलं. दाढ मस्त आहे.

मला राग कुणाचा येतो तर माझाच, कारण स्ट्रिप मीच बघितली होती आणि मला वाटलं दाढेची गोळी आहे दाढेकडं जाईल. आबांना पण नेमकी तीच बीपीची गोळी आहे म्हणून लिहिलं. आणि शुगर आहे म्हणजे किडनी आधीच थोडी दमलेली असू शकते.

पार्कचौकवाला
ठीक आहे गोळी बंद करू नका, मान्य. पण अँटिबायोटिकला काय झालं? जंतूच आहेत ना आत? जंतूला मारायला दुसरं काय? तुम्ही डॉक्टर लोक एकदा जास्त देता एकदा कमी.

दातांचा_मिस्त्री
प्रश्न बरोबर आहे, उलट यावर भांडायलाच पाहिजे. बघा, आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसाआड येतं. समजा तुमच्या गल्लीकडं येणारी लाईनच तुटलीय. आता वर टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर कितीही टाका, तुमच्या नळाला ती येणार आहे का? मेलेल्या नसेच्या दाढेचं तसंच आहे. आतला रक्तपुरवठा संपलेला असतो, गोळी रक्तातून जाते, रक्त तिथं जात नाही. म्हणून तिथले जंतू हातानं, फाइलनं खरवडून आणि औषधी पाण्यानं धुवूनच काढावे लागतात. तेच रूट कॅनल.

आणि नस जिवंत आहे पण सुजलीय, गार-गरम लागलं की कळ जाते, रात्री झोप नाही, त्या दुखण्यालाही अँटिबायोटिक लागू पडत नाही. यावर पेनिसिलिन विरुद्ध खोटी गोळी अशी ४० पेशंटवर चाचणी झालेली आहे, दोन्हीकडं दुखणं सारखंच राहिलं. चाचणी लहान आहे हे कबूल. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ मध्ये यावर मार्गदर्शन काढलं त्यातही हेच आहे की दातावरचा उपचार लगेच होणार असेल तर निरोगी मोठ्या माणसाला नुसत्या दाढदुखीसाठी अँटिबायोटिक नको. तुम्हाला दोन दिवसात आराम पडला तो आदल्या दिवशी डॉक्टरनी नस काढली म्हणून, श्रेय गोळीला गेलं. आम्ही पण काही साव नाही, पेशंट म्हणतो "गोळ्या नाय दिल्या" आणि पुढच्या वेळी दुसरीकडं जातो, म्हणून लिहून देणारे खूप आहेत. मी पण सुरुवातीची काही वर्षं दिलीत.

लागतं कधी? ताप असेल, गाल सुजून सूज पसरत असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा. आणि तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, सूज जबड्याखाली गळ्याकडं उतरली, तर दातांच्या क्लिनिकची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तसंच ज्यांची झडप कृत्रिम आहे किंवा हृदयाच्या आतल्या भागाला आधी इन्फेक्शन होऊन गेलंय त्यांना कामाआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच देतात, ते वेगळं कारण. नुसत्या स्टेंटला ते लागत नाही.

आबांना का दिलं ते मला माहीत नाही, मी दाढ बघितलेली नाही. सूज असेल तर बरोबरच आहे. नसेल तर फोनवर विचारा, मनानं मधेच तोडू नका.

शनिवारसाठी दोन-तीन गोष्टी. सकाळची वेळ मागा. नाष्टा करून, सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊनच या, शुगरवाले "दाताचं काम आहे" म्हणून उपाशी येतात आणि खुर्चीतच घाम सुटतो. भूल दोन-तीन तास राहते, तेवढ्यात जेवलं तर गाल चावला जातो आणि न जेवता बसलं तर शुगर पडते, म्हणून दहाची वेळ बरी, एक वाजता निवांत जेवता येतं. आणि भूल चढत नसेल तर सांगा, चिडलेल्या नसेला ती अवघडच चढते. तरण्या माणसाला आम्ही तासभर आधी आयबुप्रोफेन देतो, त्यानं जरा मदत होते. आबांना ते जमणार नाही, त्यांना दुसऱ्या पद्धतीनं भूल वाढवता येते.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार, आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. हार्टच्या डॉक्टरांचा फोन लागला. आधी मलाच दोन मिनिटं झापलं आणि मग लगेच बोलावलं, ईसीजी काढला, ठीक आहे. गोळ्या तिथंच त्यांच्या समोर चालू केल्या, कशा घ्यायच्या ते लिहून दिलं. दातांच्या डॉक्टरांना पण फोन केला. ते बिचारे गप्पच झाले, मग म्हणाले स्टेंट असल्याचं एका शब्दानं कळलं असतं तर चिठ्ठी अशी लिहिलीच नसती. ॲसिक्लोफेनॅक बंद, पॅरासिटामॉल ६५०, ओमेप्राझोलच्या जागी पॅन्टोप्राझोल. सोमवारी हिरडीवर थोडी सूज होती आणि पू होता म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं म्हणाले, पण पू मोकळा झालाय आणि ताप नाही, तर शनिवारी बघून ठरवू. क्रिएटिनिन करून या म्हणाले, कडक भाकरी ताई, ते तुमच्यामुळं मीच सुचवलं.

आबांनी आत्तापर्यंत ॲसिक्लोफेनॅकच्या सहा गोळ्या खाल्ल्यात. पोट ठीक आहे, शीचा रंग विचारला तर माझ्यावर भडकले.

विजापूररोड_सून
माझा प्रश्न इथंच विचारू का? सासूबाई ७०, हाडं ठिसूळ म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिकचं सलाइन घेतात, तीन झालेत. मिश्री लावून लावून दाढा किडल्यात. एक दाढ काढून टाकू, खर्च वाचेल असं घरात चाललंय.

दातांचा_मिस्त्री
ताई, काढायच्या आधी थांबा. हाडांच्या या औषधावर असताना दाढ काढली तर काही जणांत ती जागा भरतच नाही, हाड उघडं राहतं. ठिसूळ हाडांसाठी जो डोस असतो त्यात हे क्वचित, कॅन्सरसाठी मोठ्या डोसमध्ये जास्त, पण झालं की महिनोन महिने निस्तरावं लागतं. दाढ वाचण्यासारखी असेल तर अशा माणसाला रूट कॅनलच बरं, कारण त्यात हाडाला हात लागत नाही. खर्चाचं म्हणाल तर केगावच्या डेंटल कॉलेजला विचारून बघा. आणि सलाइनच्या तारखा कागदावर लिहून न्या. ती वर्षातून एकदाच असते म्हणून कुणी "चालू औषधात" धरतच नाही, आबांचंच दुसरं रूप.

मिश्री सुटणार नाही हे मला माहीत आहे, माझ्या आजीची नाही सुटली.

पार्कचौकवाला
मामांना फोन केला आत्ता. म्हणतात बायपास झाल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि गोळी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरला विचारून बंद केली होती. मला अर्धीच गोष्ट माहीत होती. सॉरी भाऊ.

जुळेसोलापूरकर
शनिवार दुपार. झालं. दहाला गेलो, या वेळी मी वर आणि आबा माझ्या मागं. सगळ्या स्ट्रिपा शेंगाचटणीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात घालून नेल्या होत्या, डबा धुतला होता तरी लसणाचा वास येत होता. डॉक्टरनी एकेक स्ट्रिप काढून स्वतः मराठीत लिहून घेतलं. बीपी बघितलं १४२/८४. क्रिएटिनिन १.२ आलंय, ठीक आहे म्हणाले पण दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्यांना पुढं कायमचं नाही. रक्त म्हणाल तर कापसाचा एक बोळासुद्धा भिजला नाही, काकांना मुद्दाम दाखवायला ठेवणार होतो. कालवे धुवून आत औषध ठेवलंय, अजून एक सिटिंग, मग कॅप. तोवर त्या बाजूनं कडक भाकरी बंद सांगितल्यावर आबांचा चेहरा पडला, अटॅकच्या वेळी एवढा पडला नव्हता.

अँटिबायोटिक पाच दिवस पूर्ण झालंय, पुढं नको म्हणाले. उद्याच्या उपासाचं हार्टच्या डॉक्टरांकडूनच वदवून घेतलं, भगर आणि दाण्याची आमटी दोन्ही वेळेला पोटभर खायची, आणि शुगरच्या गोळीचं त्यांनी वेगळं लिहून दिलंय. पोटभर खाल्ल्यावर उपास कसला असं आबा विचारतायत.

निघताना रिसेप्शनवरच्या मुलीनं परत फॉर्म पुढं केला, जुना चुकीचा भरला होता म्हणून. काही गोळ्या चालू आहेत का, तिनं मोठ्यानं विचारलं. आबांनी काही न बोलता डबा उघडून तिच्या टेबलावर पालथा केला.